मालवणकडील चाकरमान्यांचीं मुलें : मुंबई कीं गांव ?

मुलें शहरांत वाढवावीं कीं गांवीं, हा प्रश्न दोन स्थळांची तुलना म्हणून मांडण्याची रीत आहे. मालवणच्या किनाऱ्याचा मुलुख १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आला. ह्या मुलुखाच्या इतिहासास ही मांडणी लागू पडत नाहीं, असें आमचें मत आहे. येथें कुटुंब एकच होतें. त्याची चूल गांवीं आणि मिळकत मुंबईंत होती. मूल कोठें ठेवावयाचें, हें आवडीवरून न ठरतां खोली, मजुरी आणि आईचे श्रम यांच्या हिशेबावरून ठरे. तो हिशेब प्रस्तुत लेखांत पाहूं.

मुंबईंत कापडाची पहिली गिरणी १८५६ सालीं सुरू झाली. पुढें दक्षिण कोंकणांतील पुरुषांचा ओघ तिकडे लागला. १९२१ च्या खानेसुमारींत रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक मुंबईंत आढळले. शहराची एकंदर वस्ती तेव्हां पावणेबारा लाख होती. त्याच शहरांत हजार पुरुषांमागें स्त्रिया सहाशेंहूनही कमी होत्या. चाकरमान्यांचीं बायकामुलें बहुधा कोठें होतीं, हें यावरून कळतें. १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डर सुरू केली, तेणेंकरून असें दुभागलेलें बिऱ्हाड चालविणें सुकर झालें.

आतां मुंबईची बाजू पाहूं. १९२१ सालीं तेथें दर हजार नोंदलेल्या जन्मांमागें साडेसहाशेंहून अधिक अर्भकें मेल्याची नोंद आहे. हा आंकडा भीषण आहे, परंतु तो जसाच्या तसा घेतां येत नाहीं. अनेक स्त्रिया बाळंतपणास गांवीं जात व तान्हें मूल घेऊन परतत. तें मूल मुंबईंत दगावलें म्हणजे मृत्यु शहराच्या वहींत चढे, जन्म मात्र तेथें नोंदलेला नसे. उलट आजारी मूल गांवीं नेलें व तेथें वारलें, तर तो मृत्यु शहराच्या हिशेबांतून सुटे. म्हणजे मुंबईचा आंकडा कोंकणच्या नोंदींवांचून अपुरा आहे.

तथापि खोल्यांप्रमाणें केलेली वर्गवारी दुर्लक्षितां येत नाहीं. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत हें प्रमाण आठशेंहून अधिक, तर चार वा अधिक खोल्यांच्या घरांत दीडशेंहून कमी होतें. एका खोलींतील रहिवासी बहुतांशीं बाहेरगांवचे असल्यामुळें नोंदीचा दोष तेथें अधिक खरा. परंतु एवढें अंतर केवळ त्या दोषानें पडणार नाहीं. आई गिरणींत गेली म्हणजे मुलास अफूची बाळगोळी देऊन निजविण्याची चालही होती. गिरणींतील बाळंतिणींस भत्ता देण्याचा कायदा मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं झाला.

यावरून गांव म्हणजे सुखाचें आगर, असें मात्र कोणीं समजूं नये. गांवीं मुलास अंगण होतें, आजी होती. पण शेत, गुरें व म्हातारीं माणसें यांचा सर्व भार आईवर पडे. पावसाळ्यांत आगबोटी बंद होत. मूल आजारी असल्याचें पत्र पोंचलें, तरी बापास समुद्रमार्गें येतां येत नसे. आणि ज्यांस गांवीं जमीन नव्हती किंवा मानानें राहतां येत नव्हतें, त्यांचा हिशेब निराळाच होता. आंबडवें हें रत्नागिरी जिल्ह्यांतील मूळ गांव असलेल्या रामजी सकपाळांनीं परळच्या चाळींत राहून मुलास एल्फिन्स्टन हायस्कुलांत घातलें. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्यापुरती शहरांतील एक खोलीच विद्येची वाट ठरली.

मुंबईच्या पैशानें विद्या गांवींही आली. मुंबईंत व्यापारावर संपत्ति मिळविणारे अनंत शिवाजी देसाई टोपीवाले यांचें नांव मालवणच्या हायस्कुलास आहे. पुढें १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार ढासळला; अनेक कुटुंबांस त्या काळांत गांवच्या घराचाच आसरा घ्यावा लागला. १९९८ पासून कोंकण रेल्वेचा मार्ग सलग खुला झाला, तरी बाहेर जाण्याचा ओघ थांबला नाहीं. २००१ ते २०११ या दशकांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या सुमारें एकोणीस हजारांनीं घटली, व २०११ सालींही तेथें पुरुषांहून स्त्रियाच अधिक होत्या.

तात्पर्य, गांवानें मुलें वाढविलीं म्हणून मुंबईस कमी मजुरींत हात मिळाले, आणि मुंबईनें पैसा धाडला म्हणून गांवचीं मुलें जगलीं. ह्या व्यवहारांत ज्या आयांनीं दोन्हीं टोंकें सांवरलीं, त्यांचे श्रम कोणत्याच वहींत चढले नाहींत. घरोघरच्या फडताळांत पडलेलीं पोस्टकार्डें व मनिऑर्डरीच्या पावत्या हेंच त्यांचें दप्तर होय. ज्यांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं ते रद्दींत न घालतां जपून ठेवावे व अभ्यासकांस दाखवावे, अशी आमची विनंति आहे.