क्ष-किरणांची साक्ष

१८९५ सालीं वुर्झबुर्ग येथें राँटजेननें आपल्या पत्नीच्या हाताचें जें छायाचित्र घेतलें, त्याची हकीकत बहुतेक श्रोत्यांस ठाऊक असते. तें चित्र म्हणजे केवळ सांवली होती. कांचेचें भिंग क्ष-किरणांना एकत्र आणीत नाहीं, साधा आरसा त्यांना परतवीत नाहीं. मग प्रतिबिंब घ्यावें कसें? १९४८ सालीं स्टॅनफर्ड येथें कर्कपॅट्रिक आणि बाएझ यांनीं युक्ति काढली. किरण आरशाला जवळजवळ घासून गेले तर परततात. असे दोन वक्र आरसे परस्परांशीं काटकोनांत ठेवले कीं प्रतिबिंब उमटतें. (हे बाएझ म्हणजे गायिका जोन बाएझ यांचे वडील.)

१९७२ सालीं जॉन नकोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक धाडसी गणित मांडलें. हायड्रोजनच्या इंधनाची इवलीशी गोळी लेसरनें चोहोंकडून दाबली, तर तींत सूर्यासारखें अणुसंमीलन घडेल, आणि किलोजूलभर ऊर्जेंत जमाखर्च जुळेल! कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर प्रयोगशाळेनें हा नाद घेतला. ती मूळची अण्वस्त्रांची प्रयोगशाळा, हें विसरूं नये. दबलेल्या इंधनाचा गाभा तापून स्वतःच क्ष-किरण फेकतो. तो केसाहून बारीक छिद्रांच्या कॅमेऱ्यांनीं व बाएझच्या आरशांनीं टिपतां येऊं लागला. पुढें तर सेकंदाच्या एक हजार कोटींश वेळच उघडे राहणारे कॅमेरे आले.

तरीहि १९२ लेसर-शलाकांच्या यंत्रानें २०१२ पर्यंत पेटावयाची ज्योत पेटली नाहीं. संगणक ती पेटेल असें सांगत होते. दोष कोठें? चकाकणाऱ्या गाभ्याचें चित्र तेवढ्यानें पुरें बोलेना, कारण भोंवतालचें कवच चकाकत नाहीं. तेव्हां धातूच्या पत्र्यावर लेसर मारून निराळे क्ष-किरण निर्माण केले व आकुंचन पावणाऱ्या गोळींतून पार नेले; म्हणजे पुनः राँटजेनचीच सांवली! त्या सांवलींत कवचावर वण दिसला. गोळीला सोन्याच्या डबीच्या मध्यभागीं धरून ठेवणारा प्लास्टिकचा पापुद्रा जेथें तिला सोडून जातो, बरोबर तेथें! केसाच्या जाडीच्या सुमारें हजाराव्या भागाएवढा पापुद्रा, पण गणितानें त्याला क्षुल्लक लेखलें होतें. अपराधी तो एकटाच नव्हता. दाबाचा असमतोल होता, इंधन भरण्याची नळीहि होती. ती नळी १० मायक्रॉनवरून २ मायक्रॉनवर आणली, कवच प्लास्टिकऐवजीं हिऱ्याचें केलें.

५ डिसेंबर २०२२ रोजीं २.०५ मेगाजूल लेसर-ऊर्जेच्या बदल्यांत ३.१५ मेगाजूल ऊर्जा बाहेर पडली. लेसर चालविण्यास लागलेली वीज मात्र याहून कितीतरी अधिक होती.