परत न येणाऱ्या कॅमेऱ्याची कुळकथा

ग्रहाकडे धाडलेलं यान परत येत नाही. मग त्यातली फिल्म धुणार कोण? ग्रहयानांच्या कॅमेऱ्याचा सगळा वंश या एका अडचणीतून वाढला.

पहिला तोडगा सोव्हिएत अभियंत्यांनी काढला. ऑक्टोबर १९५९मध्ये लूना-३ यानाने चंद्राची आपल्याला कधीच न दिसणारी बाजू फिल्मवर टिपली. यानातच ती फिल्म धुतली, वाळवली आणि ओळीओळीने वाचून टीव्हीसारख्या लहरींतून पृथ्वीकडे पाठवली. कल्पना अचाटच, पण मंगळ चंद्राच्या शेकडो पट लांब. तिथून येता येता क्षीण झालेल्या लहरीत खरखर मिसळली, की कुठली छटा चित्राची आणि कुठली खरखरीची, हे ओळखायचं कसं?

अमेरिकेच्या मरिनर-४ने छटेऐवजी छटेचा आकडा पाठवला. नोव्हेंबर १९६४मध्ये निघालेलं हे यान जुलै १९६५च्या मध्यावर मंगळापासून सुमारे ९,८०० किलोमीटरवरून गेलं. कॅमेऱ्याचं काम कॅल्टेकचे रॉबर्ट लेटन यांच्याकडे होतं. चित्राच्या २०० ओळी, प्रत्येक ओळीत २०० बिंदू आणि प्रत्येक बिंदूला ० ते ६३ यांपैकी एक आकडा. हे सगळं आधी टेपवर साठवलं आणि मग १० वॅटच्या रेडिओवरून सेकंदाला जेमतेम आठ बिट या गतीने धाडलं. एकेका चित्राला आठ तास लागत.

टेप रेकॉर्डर नीट चालला असेल ना, ही धाकधूक होतीच. संगणकाने चित्र तयार करेपर्यंत थांबणं जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना जमेना. रिचर्ड ग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या, आकड्यांच्या एकेका गटाला एकेक रंग ठरवला आणि पेस्टलच्या खडूंनी रंगवायला सुरुवात केली. मंगळाचं यानाने जवळून टिपलेलं पहिलं चित्र माणसांसमोर उमटलं ते असं हाताने. ते आजही त्या संस्थेत जपलेलं आहे. या वंशातला सर्वांत मोलाचा कागद मला तोच वाटतो. डिजिटल चित्र म्हणजे काय, ते त्यात उघड दिसतं. मुळात असतो फक्त आकडा. त्याला रंग कोणता द्यायचा, ते नंतर माणूस ठरवतो.

आकडे डिजिटल असले तरी डोळा मात्र टीव्हीचाच होता. विडिकॉन नावाच्या काचनळीत पडद्यावर प्रकाशाने विद्युतभार उमटे आणि इलेक्ट्रॉनांचा झोत तो वाचून घेई. आधीच्या चित्राची पुसट सावली पुढच्यात राही, कडा वाकड्या होत. ते वाकडेपण मोजता यावं म्हणून पडद्यावर काळ्या खुणा कोरलेल्या असत. १९७७च्या व्हॉयेजरांनी याच नळीने गुरूपासून नेपच्यूनपर्यंतचं जग दाखवलं.

तोवर नव्या डोळ्याचा जन्म झाला होता. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला. विचार चालला होता स्मृतिसाधनाचा, हाती लागली प्रकाश साठवणारी सिलिकॉनची चकती. गुरूकडे जाणाऱ्या गॅलिलिओ यानासाठी ८०० गुणिले ८०० बिंदूंचा सीसीडी निवडला गेला. पण गॅलिलिओचं उड्डाण लांबत गेलं आणि मार्च १९८६मध्ये सीसीडी घेऊन हॅलेच्या धूमकेतूजवळ आधी पोहोचली ती वेगा आणि जोत्तो ही यानं. पुढे १९९१मध्ये गॅलिलिओची मुख्य अँटेना उघडलीच नाही. तेव्हा चित्रांचे आकडे आवळून लहान करण्याचे नवे प्रोग्राम पृथ्वीवरून यानाला पाठवले गेले. छोट्या अँटेनातून थेंबाथेंबाने चित्रं आली, पण आली! आकड्यांचं चित्र असं दुरून सावरता येतं. फिल्मला ते शक्य नव्हतं.

सीसीडीतही एक खोट होती. प्रत्येक बिंदूचा भार शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत कोपऱ्यापर्यंत न्यावा लागतो. अवकाशातल्या किरणांनी स्फटिक दुखावला, की तो भार वाटेतच अडकतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांनी प्रत्येक बिंदूशेजारी त्याचा स्वतःचा वर्धक बसवला. भार वाहून नेण्याची गरजच उरली नाही. कॅमेरा लहान झाला, वीजही कमी खाऊ लागला. आपल्या फोनमधला कॅमेरा याच घराण्यातला.

भारतात हे घराणं चांद्रयान-१सोबत २००८मध्ये चंद्रापर्यंत गेलं. त्याच्या नकाशे काढणाऱ्या कॅमेऱ्यात असाच संवेदक होता. २०१४मध्ये मंगळयानाचा रंगीत कॅमेरा मंगळाशी पोहोचला. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये बनलेला, वजन सव्वा किलोच्या आसपास, बिंदू २,०४८ गुणिले २,०४८. बिंदूंवरच लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या असल्याने रंगीत चित्र एकाच टिपणीत मिळे. यानाची कक्षा इतकी लांबट, की दूरच्या टोकाला ते ७० हजार किलोमीटरांहूनही लांब जाई. त्यामुळे मंगळाचा आख्खा गोल एकाच चौकटीत मावे.