छत्तीस फोटोंचा रोल

मंडळी, एक गंमत सांगतो. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्याचे फोटो साठायचे चक्क कॅसेटवर! कृष्णधवल, ०.०१ मेगापिक्सेल, आणि एक फोटो टेपवर उतरायला २३ सेकंद.

पुढे १९८२ मध्ये सीडी आली, २००१ मध्ये हजार गाणी खिशात घेऊन फिरणारा आयपॉड. रोल धुवायचा खर्च वाचला, गुंतलेली कॅसेट पेन्सिलने गुंडाळणं संपलं. फायदा झालाच, नाही कशाला म्हणा?

पण एक हिशेब राहतो. बुरशी लागली नाही, तर डब्यात विसरलेली निगेटिव्ह पन्नास वर्षांनीही उजेडात धरली की माणूस दिसतो. हार्डडिस्क अशी विसरून चालत नाही. ती बंद पडायच्या आत नवी प्रत काढावी लागते. पूर्वी विसरलेलंही टिकायचं, आता आठवणीने जपलेलं तेवढंच टिकतं.

म्हणून दर दिवाळीला मी वर्षभरातले ३६ फोटो निवडून छापून घेतो. आजीच्या ओव्यांची कॅसेट संगणकावर उतरवली आहे. तिच्या तीन प्रती केल्या: एक माझ्याकडे, एक ताईकडे, एक काकांकडे. तुमच्या घरातले आवाज कुठे आहेत?