आठ केंद्रे, एक गीत

एखाद्या देशाचा इतिहास वाचावयाचा म्हटले की आपण त्याच्या लढाया वाचतो, तहनामे वाचतो, फार तर खजिन्याचे जमाखर्च चाळतो. आज मी आपणांपुढे जी कागदपत्रे ठेवणार आहे, ती याहून पुष्कळच हलकी आहेत. गाण्यांच्या एका स्पर्धेचे ते गुणतक्ते आहेत. देश युगोस्लाव्हिया. हा देश आता नकाशावर नाही. परंतु १९६१ पासून १९९२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळली तर, तो युरोपातील दूरचित्रवाणीच्या गीतस्पर्धेसाठी दर वर्षी आपले एक गाणे निवडीत असे. आणि ते कोणत्या भाषेतले होते, कोणत्या प्रांताचे होते, याची नोंद मागे राहिली आहे.

युरोव्हिजन या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांनी सुरू केली. पुढे रूढ झालेला नियम सोपा आहे: प्रत्येक देशाने एक गीत पाठवावयाचे, आणि दुसऱ्यांच्या गीतांना गुण द्यावयाचे, स्वतःच्या नव्हे. ते एक गीत कसे निवडावे, हा ज्याचा त्याचा घरगुती प्रश्न. कोठे अधिकारीच निवडतात, कोठे महोत्सव भरवितात. युगोस्लाव्हियाच्या बाबतीत हा घरगुती प्रश्न फारसा घरगुती राहिला नाही.

१९४८ साली टिटोचे स्टालिनशी बिनसले आणि हा देश साम्यवादी असूनही रशियाच्या गोटाबाहेर पडला. त्यामुळेच १९६१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधील कान येथे, त्या स्पर्धेतला एकमेव साम्यवादी देश म्हणून, त्याची गायिका ल्यिल्याना पेत्रोविच उभी राहू शकली. तिचा क्रमांक आठवा आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली आणि पंडित नेहरू तेथे गेले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दोन्ही घटनांचे मूळ एकच. कोणाच्याही दावणीला न बांधलेल्या देशाला दोन्हीकडची दारे उघडी असतात, आणि दोन्हीकडे आपण कोण हे सांगावेही लागते.

आपण कोण, हेच तर सांगणे कठीण होते. सहा घटक प्रजासत्ताके, त्यांतील सर्बियाच्या पोटात दोन स्वायत्त प्रांत, सर्बो-क्रोएशियन, स्लोव्हेन, मॅसेडोनियन, अल्बेनियन, हंगेरियन अशा भाषा, लिप्या दोन. नभोवाणी व दूरचित्रवाणीही एकसंध नव्हती, प्रादेशिक केंद्रांचा तो एक संघ होता. कालांतराने केंद्रे आठ झाली: ल्युब्लियाना, झाग्रेब, बेलग्रेड, सारायेवो, स्कोप्ये, टिटोग्राड, नोवी साद आणि प्रिश्टिना. राष्ट्रीय फेरीत केंद्रे आपापली गाणी पाठवीत आणि आठही केंद्रांची परीक्षक मंडळे गुण देत. फेरीचे यजमानपदही फिरते असे.

ही रचना न्याय्य नव्हती असे कोणी म्हणू नये. लहानशा मॉन्टेनेग्रोच्या मताला सर्बियाच्या मताइतकेच वजन होते. टिटोनंतर देशाचा कारभार ज्या आठ सदस्यांच्या अध्यक्षमंडळाकडे आला, त्याचाही साचा हाच होता. पण या साच्यात एक खोच होती. परीक्षक गाणे ऐकावयाला बसत, आणि गाणे कानावर पडण्यापूर्वीच ते कोणत्या केंद्राचे आहे हे त्यांना माहीत असे.

भाषांचा हिशेब पाहा. १९६६ पासून स्पर्धेत आपापल्या राष्ट्रीय भाषेतच गावे असा नियम आला (१९७३ ते १९७६ ही वर्षे सोडली तर तो १९९८ पर्यंत टिकला). त्याच १९६६ साली युगोस्लाव्हियातर्फे बेर्टा आम्ब्रोझ स्लोव्हेन भाषेत गायली. १९६७, १९७० आणि १९७५ या सालीही स्लोव्हेन गीतच निवडले गेले. बहुसंख्यांची भाषा सर्बो-क्रोएशियन असता एका लहानशा भाषेला चार वेळा देशाचा आवाज होता आले, ही त्या व्यवस्थेची खरी शोभा. परंतु मॅसेडोनियन गीत एकदाही गेले नाही. आणि अल्बेनियन भाषिक संख्येने स्लोव्हेनांच्या बरोबरीला आलेले असताही त्यांच्या भाषेतले एकही गीत देशाच्या नावाने युरोपात ऐकू आले नाही. प्रिश्टिनाच्या मंडळाला मत होते, त्या प्रांताच्या भाषेला मात्र व्यासपीठ नव्हते. राज्याच्या एका कडेला आपली भाषा घेऊन राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या दोहोंतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यशाच्या दृष्टीने पहिली वीस वर्षे बेताचीच. १९६४ साली कोपनहेगनमध्ये सारायेवोच्या साबाहुदिन कुर्टला शून्य गुण मिळाले. १९७६ मध्ये अठरा देशांत सतरावा क्रमांक आला आणि पुढली चार वर्षे देश स्पर्धेतच नव्हता. १९८३ साली म्युनिक येथे दानियेल नावाचा गायक चौथा आला, तो टिटोग्राड केंद्राचा उमेदवार; जन्म टिटोग्राडचा, कारकीर्द झाग्रेबची. असली सरमिसळ त्या देशात सर्वत्र होती, आणि गुणतक्त्यात ती दिसत नाही, हेही लक्षात ठेविले पाहिजे.

१९८५ ची स्पर्धा ४ मे रोजी होती. टिटोचा मृत्यू १९८० च्या ४ मे रोजी झालेला. त्या दिवशी देशभर भोंगे वाजत, रस्त्यातली माणसे जागच्या जागी उभी राहत. अशा दिवशी गाणे कसले गावयाचे? युगोस्लाव्हियाने त्या वर्षी भाग घेतला नाही. ही तारीख कृपया ध्यानात असू द्यावी.

१९८६ ते १९९० अशी सलग पाच वर्षे झाग्रेब केंद्राचेच गाणे निवडले गेले. त्यांपैकी झादर गावच्या ‘रिवा’ या पथकाने १९८९ मध्ये लोझान येथे १३७ गुण मिळवून स्पर्धा जिंकली. युगोस्लाव्हियाचा तो एकमेव विजय. विजेत्याच्या घरी पुढील स्पर्धा भरते, त्या रिवाजाप्रमाणे ५ मे १९९० रोजी युरोप झाग्रेबला आला. बर्लिनची भिंत पडून सहा महिने झालेले. ऑस्ट्रियाचे गीत भिंती नकोत म्हणणारे, नॉर्वेचे ब्रांडेनबुर्गच्या वेशीवरचे, आणि पहिले आलेले इटलीचे गीत तर युरोपच्या एकीचेच. बाहेर त्याच शहरात प्रचाराची भित्तिपत्रके लागलेली होती. दुसऱ्याच दिवशी क्रोएशियात बहुपक्षीय निवडणुकीची दुसरी फेरी होती आणि तिच्यात राष्ट्रवादी पक्षाच्या हाती सत्ता आली. आठवड्याभराने, १३ मे रोजी, झाग्रेबच्याच मैदानावर तेथील डिनामो आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांच्या फुटबॉल सामन्यात दंगल उसळली.

आणि मग ९ मार्च १९९१. राष्ट्रीय फेरी सारायेवोत होती. त्याच दिवशी बेलग्रेडमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांची मुख्य तक्रार बेलग्रेड दूरचित्रवाणी सरकारचे तुणतुणे झाली आहे, ही होती. एक विद्यार्थी व एक पोलीस असे दोघे मेले, रात्री रणगाडे आले. इकडे सारायेवोत बेलग्रेड केंद्राची बेबी डॉल निवडली गेली. सर्बिया, मॉन्टेनेग्रो, वोय्वोदिना व कोसोव्हो ही चार मते एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे, अशी गटबाजी झाल्याचा बोभाटा झाला. अध्यक्षमंडळात तर ही फूट उघडच होती. तीनच दिवसांनी लष्कराने आणीबाणीची मागणी त्या मंडळापुढे मांडली, आणि पुरेशी मते न मिळाल्याने ती फेटाळली गेली. स्वतः सर्ब असलेल्या बोस्नियाच्या सदस्याने, बोगिच बोगिचेविच यांनी, तिला पाठिंबा दिला नाही. गाण्यांच्या फेरीमुळे देश मोडला, असे म्हणण्याचा पोरकटपणा मी करणार नाही. एकाच साच्यातून निघालेली दोन भांडी एकाच आठवड्यात तडकली, एवढेच.

बेबी डॉल रोमला गेली. बावीस देशांत एकविसावी आली, गुण एक. स्पर्धेची तारीख होती ४ मे. सहा वर्षांपूर्वी ज्या दिवशी गाणे निषिद्ध होते, त्याच दिवशी देश गायला.

१९९२ च्या २८ मार्चला बेलग्रेडमध्ये अखेरची फेरी झाली. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, मॅसेडोनिया गेलेले होते. सारायेवो अजून आलेले होते. आठवड्याभरात त्या शहराला वेढा पडला. पुढल्या वर्षी वेढ्यातल्या सारायेवोहून बोस्नियाचे पथक रात्री विमानतळाची धावपट्टी गोळ्यांच्या भयात ओलांडून बाहेर पडले आणि आयर्लंडमधील मिलस्ट्रीटला स्वतःच्या देशाच्या नावाने गायले. गुण सांगावयाला सारायेवोचा आवाज दूरध्वनीवरून खरखरत आला, तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजविल्या. क्रमांक सोळावा होता. त्या रात्री तो विचारतो कोण!

आता एक उपकथा, आणि ती मुख्य कथेहून बोलकी. उरलेल्या सर्बिया व मॉन्टेनेग्रो या जोडराज्याने २००४ पासून पुन्हा फेरी भरविली. तिचे नावच दुहेरी: ‘एव्हरोपेस्मा – एउरोप्येस्मा’. अर्थ एकच, युरोपचे गाणे. पहिला उच्चार सर्बियाचा, दुसरा मॉन्टेनेग्रोचा. ११ मार्च २००६ रोजी, स्लोबोदान मिलोशेविच हेगच्या कोठडीत ज्या दिवशी मरण पावला त्याच रात्री, बेलग्रेडच्या सभागृहात मॉन्टेनेग्रोच्या परीक्षकांनी बेलग्रेडच्या लोकप्रिय गीताला एकही गुण दिला नाही. मॉन्टेनेग्रोचे ‘नो नेम’ हे पथक पहिले आले. प्रेक्षकांनी त्याच्यावर बाटल्या फेकल्या आणि हरलेल्यांना विजयगीत गावयाला लावले. दोन्ही केंद्रांचा समझोता झाला नाही, गाणे गेलेच नाही. २० मे रोजी अथेन्सला त्या राज्याने नुसती मते दिली. २१ मे रोजी मॉन्टेनेग्रोने सार्वमत घेतले. स्वातंत्र्यासाठी ५५ टक्के मते हवी होती, ५५.५ टक्के पडली.

२००७ साली सर्बिया प्रथमच एकटा हेलसिंकीला गेला. फेरीतील कटकट संपलेली होती, कारण वाटेकरीच उरला नव्हता. मारिया शेरिफोविचच्या ‘मोलित्वा’ म्हणजे प्रार्थना या गीताने स्पर्धा जिंकली. त्या रात्रीच्या गुणतक्त्यात स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया, मॉन्टेनेग्रो आणि मॅसेडोनिया या पाचही नावांपुढे सर्बियासाठी एकच आकडा आहे: बारा. त्याहून अधिक गुण तेव्हा देता येत नसत.