सी. पी. टँकमधलं पाणी गेलं कुठे?

गिरगावकरांना एक सोपा प्रश्न. सी. पी. टँकला टँक कुठे आहे? धोबीतलावला तलाव? पुढे गवालिया टँकला? मॅप उघडून बघा, एकही सापडणार नाही. नावं राहिली, पाणी गेलं. आजचा एपिसोड या हिशोबाचा.

पूर्वी मुंबई तलाव आणि विहिरींवर जगायची. उन्हाळ्यात हाल व्हायचे. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. मग तुळशी, १८९२ मध्ये तानसा. आता घराजवळचं तळं कशाला सांभाळायचं? सांभाळलं तर खर्च, बुजवलं तर मोकळी जागा! मुंबईत जागेला भाव होता, साठलेल्या पाण्याला नव्हता. गवालिया टँकचं मैदान झालं; १९४२ ची 'छोडो भारत'ची सभा तिथलीच.

विहिरींचं कारण वेगळं. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांचा अहवाल आला: मलेरियाचे डास विहिरींत वाढतात. मग विहिरी बुजवायचा, झाकायचा धडाका लागला. आज नावं ठेवणं सोपं आहे, पण तेव्हा माणसं मरत होती. चूक वेगळीच झाली. झाकलेल्या विहिरीकडे पुन्हा कुणी बघितलंच नाही. आमच्या चाळीतल्या विहिरीच्या झाकणावर आज स्कूटर लागतात.

आता मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८० कोटी लिटर पाणी येतं. सगळ्यात मोठा वाटा भातसाचा, म्हणजे शहापूर तालुक्याचा. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आपल्या पाणीपट्टीत हा खर्च दिसतो का? नाही. आम्ही इंजिनिअर याला टेक्निकल डेट म्हणतो. आजचं काम स्वस्तात निघतं, बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत टँकरवाल्यांचा संप झाला, आठवतोय? वाद होता विहिरी-बोअरवेलमधून पाणी उपसायच्या परवानगीचा. म्हणजे बघा, आपण विसरलेल्या विहिरींचंच पाणी आपण विकत घेतोय! आपण पैसे देतो ते फेरीचे. उपसलेलं पाणी जमिनीत परत मुरवायचं कुणी, हे त्या बिलात नसतं.

चर्चगेटला भिका बेहराम विहीर आहे, १७२५ ची. समुद्र जवळ, तरी पाणी गोड. तीनशे वर्षं टिकली, कारण पारशी समाजाने तिला पवित्र मानून सांभाळलं.

तुमच्या वाडीत झाकलेली विहीर आहे? आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.