हरिपूर

हरिपूर : सांगली जिल्ह्याच्या मिरज तालुक्यातील कृष्णाकाठचे गाव. सांगली शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ४ किमी. सांगलीहून येणारी वाट चिंचेच्या जुन्या झाडांखालून जाते. सह्याद्रीतून चांदोलीच्या बाजूने आलेली वारणा येथे कृष्णेला मिळते. संगमावर संगमेश्वराचे मंदिर असून श्रावणातल्या सोमवारी तेथे मोठी गर्दी होते. पलीकडचा काठ कोल्हापूर जिल्ह्यातील कोथळीचा. पूल होण्यापूर्वी ये-जा नावेने चाले. या पट्ट्यातील भोई कुटुंबे नाव हाकण्यावर आणि मासेमारीवर पोट भरत.

गावाची खरी ओळख म्हणजे हळदीची पेवे. सांगलीच्या पेठेत येणारी हळद साठवायला येथे जमिनीच्या पोटात घागरीच्या घाटाचे, तोंडाशी निमुळते असे खोल खड्डे खणलेले असत. येथील माती घट्ट. तिच्यातून ओल झिरपत नाही. आत गवत-पाल्याचे अस्तर लावून हळकुंडे भरायची आणि तोंड फरशीने व मातीने बंद करायचे, की माल काही वर्षे कीड न लागता टिके. पेव उघडणे जोखमीचे काम होते. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत तोंड उघडे ठेवायचे, मग कंदील आत सोडायचा. तो विझला तर कोणी खाली उतरत नसे. सिमेंट आणि वीज न वापरता उभी राहिलेली ही गोदामे कृष्णाकाठच्या कारागिरीचा उत्तम नमुना होती, आणि सांगलीच्या हळदीचा लौकिक वाढण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; तोवर पेवांचे दिवस सरले होते. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले, हळद कुजली आणि व्यापारी गोदामे व शीतगृहांकडे वळले. ऑगस्ट २०१९ मध्ये तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांपर्यंत चढली.

नाटककार गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचा जन्म हरिपूरचा. जरठ-कुमारी विवाहावर बोट ठेवणारे त्यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. मराठी संगीत नाटकाला पुराणकथांतून घरातल्या प्रश्नाकडे वळवणारा हा लेखक या छोट्या गावाने दिला, ही बाब हरिपुरातही ठळकपणे दिसायला हवी.

नदीचे आजचे दुखणे मात्र पुरापुरते नाही. मार्च २०२३ मध्ये लगतच्या अंकली परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. दूषित पाण्याचा पहिला फटका मासेमारीवर जगणाऱ्यांनाच बसतो. नदीच्या काळजीबरोबरच गावात उरलेल्या पेवांची मोजणी व नोंद होऊन त्यांपैकी निदान काही सुस्थितीत राखली जाणे आवश्यक आहे.