माळावरचं पाखरू

आमचं मनमाड रेल्वेचं गाव. पाहुणा आला की जंक्शन दाखवायचं आणि अंकाईचा किल्ला. भोवतालच्या कुसळी माळाकडं कोणी बोट करत नसे. कागदोपत्री तो 'पडीक'. मेंढरं राखणाऱ्यांना तेवढी त्याची किंमत ठाऊक.

नव्वदच्या दशकात मी माळढोकाचं चित्रण करायला निघालो, तो 1878 साली सुरू झालेल्या मनमाड-दौंड मार्गानं. दौंडहून सोलापूर, तिथून एसटीनं नान्नज. सगळा मुलूख कोरडवाहू, आपल्यासारखाच.

उजाडायच्या आत लपणात शिरायचं. मग खोकलासुद्धा दाबून धरायचा. पावसाळ्यात नर उंचवट्यावर येतो, गळ्याची पिशवी फुगवतो, शेपूट उभारतो आणि घुमतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. कुत्र्यानं ते फोडलं की त्या खेपेची वीण गेली.

या पक्ष्यासाठी 1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं पडली. चहाच्या टपरीवर एक म्हातारबा मला म्हणाले, "पाखरू जगावं, पर आमी कुठं जायाचं?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढं हे क्षेत्र घटवून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळ नांगरला गेला होता, विजेच्या तारा आल्या होत्या. जड अंगाच्या या पाखराला समोरची तार लवकर दिसत नाही. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

माझी चित्रफीत मी इकडच्या शाळांतून दाखवायचो. पोरं विचारायची, "हे आपल्याकडं का नाय?" मी म्हणायचो, दख्खनच्या माळांवर हा पक्षी एके काळी सगळीकडं होता. माळ मोडत गेला तसा तोही गेला.

आपल्या बाजूला अजून काळवीट आहे. येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरच्या माळाला आता संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय. तरी उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करताना हरणं कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. हल्ली कॅमेरा घेऊन मी तिकडं जातो. आधी हरणं टिपतो, मग उघड्या विहिरी. त्या विहिरींची चित्रं मालकांना दाखवतो. दोघांनी कठडे बांधलेत.